खांबाला शेळी बांधायची नाही

जेसीबीची बकेट त्याच्या छत्रीच्या वर वीतभर येऊन थांबली होती आणि तो खाली मांडी घालून नोटीस वाचत होता. मोठ्याने, थांबून थांबून, शाळेत धडा वाचतात तशी. मी त्याचा डबा घेऊन चढ चढत होते. ड्रायव्हरच्या कानात मोबाईलच्या वायरी. त्याला नोटीस ऐकू येत नव्हती आणि माझं ओरडणंही.

"अरे मेल्या, डावीकडे नको जाऊ! पेंढ्याखाली टाकं हाय! पाण्याचं टाकं हाय!"

बकेट मागे गेली. मला वाटलं, ऐकलं. कसलं ऐकतोय! म्हातारा उठत नाही म्हणून त्याने त्याला वळसा घालायचं ठरवलं. मशीन मागे सरलं, डावीकडे वळलं आणि पुढचं चाक पेंढ्यावर आलं. आधी पेंढा खाली गेला, मग चाक गेलं, मग ते पिवळं धूड म्हैस डबक्यात बसते तसं तोंड खाली घालून टाक्यात बसलं. ड्रायव्हर दारातून उडाला तो थेट पाण्यात.

म्हाताऱ्याने हातातलं वाक्य पुरं केलं. मगच मान वर केली.

हा माणूस कोण ते आधी सांगायला हवं. नाहीतर तो वेडा होता असं वाटेल. वेडा नव्हता. पण त्याच्याबरोबर राहणाऱ्याला वेड लागायची वेळ यायची.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधे, डोंगराच्या पायाशी. वर डोंगरात लेणी आहेत. बुद्धाच्या भिक्षूंनी कोरलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणतात. एक मोठं दालन, त्यात एक मोठा स्तूप, सहा खोल्या, पुढे खडकाचा ओटा. ओट्यावर लहान लहान दगडी स्तूपांचे उरलेले बुडखे, दालनाच्या तोंडाशी एक आठ कोनांचा खांब आणि खांबापासून चार हातांवर पाण्याचं टाकं. आम्हाला लहानपणी हे काही ठाऊक नव्हतं. पावसात शेळ्या बांधायला चांगली जागा, एवढंच ठाऊक होतं.

त्या लेण्यांवर राखणीला म्हणून हा आला, आणि आमचे मालक वारल्यावर माझी पडवी रिकामी होती म्हणून माझ्या गळ्यात पडला. जेवण माझ्याकडे, झोपणं पडवीत. तोंडावर मी त्याला भावजी म्हणायचे, पाठीमागे 'तो'. गाव त्याला आखणीवाला म्हणायचं. पेणला गणपतीच्या कारखान्यात त्याने उभा जन्म आखणी केली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळ्यात कठीण काम ते. बाकीचे रंग कुणीही मारतं, डोळे एकच माणूस काढतो. मग त्याचा हात थरथरायला लागला. एका वर्षी दोन डझन गणपती तिरळे निघाले आणि कारखानदाराने त्याला हात जोडले. कुणीतरी ओळखीच्याने इथे चिकटवलं.

"बरं झालं," मी म्हटलं, "इथल्या भिंतीवरच्या मूर्तींचे डोळे आधीच झिजलेत. तुमच्या हातून बिघडायला काय उरलंच नाय."

तो हसला नाही. त्याला विनोद कळायचा, पण हसायला दुसरा दिवस उजाडायचा.

माणूस समोर आला की तो आधी डोळे बघायचा. माझ्या दारात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा 'जागा आहे का' विचारायच्या आधी म्हणाला, "वहिनी, डोळे सुबक आहेत. पण उजवी भुवई वर गेलेय. रंगवणाऱ्याला शिंक आली असणार."

"रंगवणाऱ्याला आता कुठे शोधू? तुम्ही भाकरी खाता का भात?"

सरपंचाला त्याने भर ग्रामसभेत सांगितलं की तुमची आखणी चतुर्थीच्या आदल्या दिवसाची आहे, घाईची. सरपंच महिनाभर त्याच्याशी बोलला नाही आणि चोरून आरशात बघायला लागला, असं त्याची बायको मला विहिरीवर म्हणाली.

आणि नोटिसा. नोटिसांचा त्याला नाद होता. शाळेच्या वहीचा कागद, काळी शाई, मागे भाताची खळ. लेण्यात जिकडे बघाल तिकडे चिकटवलेल्या. 'या दालनात मिरच्या वाळत घालायच्या नाहीत.' 'या खोलीत पत्ते खेळायचे नाहीत.' 'म्हशींनी स्तूपाला अंग घासायचे नाही.' खांबावर सगळ्यात मोठी: 'या खांबाला शेळी बांधायची नाही.' हात थरथरत असल्याने अक्षरं पाण्यातून बघितल्यासारखी दिसायची. कुणी म्हणालं की मला वाचता येत नाही, तर तो समोर बसवून वाचून दाखवायचा. एकदा नाही, दोनदा. त्या भीतीने आमच्या वाडीतल्या तीन म्हाताऱ्या अक्षरं शिकल्या.

खांबावरच त्याचा सगळा जीव होता. त्याच्यावर जुनी अक्षरं कोरलेली होती. पुण्याच्या एक बाई भिंग घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाचून सांगितलं की एका लोहाराच्या बायकोने हे टाकं दान दिलं असं त्यात लिहिलंय, आणि तिचं नावही आहे, तीन अक्षरांचं. झालं. त्या दिवसापासून ती लोहारीण आमच्या घरात राहायला आल्यासारखी झाली. मी भाजीत मीठ जास्त टाकलं की हा म्हणायचा, "त्या बाईंच्या हातचं काय असेल हो जेवण?"

"दोन हजार वर्षं झाली, तिला मीठ कमी-जास्त कळत नाय. तुम्ही जेवा."

सुट्टीच्या दिवशी पेण-पनवेलकडून मोटारसायकलवर जोड्या यायच्या आणि भिंतीवर बदाम काढून आपली नावं कोरायच्या. हा त्यांना रागवायचा नाही. त्याने ओढ्यातला एक मोठा धोंडा वर आणून ठेवला होता. छिन्नी-हातोडी पुढे करायचा. "कोरायचं तर या दगडावर कोरा. हा माझा स्वतःचा आहे. पण अक्षर असं काढायचं," आणि खांब दाखवायचा. "एकसारखं, खोल. घाई करायची नाही, मी बसलोय." मुलगा भर उन्हात दोन तास ठोकायचा आणि नावाचं पहिलं अक्षरही पुरं व्हायचं नाही. एक मुलगी तर कंटाळून त्याला तिथेच ठेवून एकटी एसटीने निघून गेली. त्या धोंड्यावर आजही अकरा अर्धी अक्षरं आहेत, पुरं नाव एकाचंही नाही.

गुप्तधनवाल्यांची कथा याहून बरी. आमच्याकडे जुनं काही दिसलं की त्याखाली सोनं पुरलंय अशी समजूत असते. मोठ्या स्तूपाच्या पोटात हंडा आहे हे मी जन्मल्यापासून ऐकतेय. एका दुपारी नागोठण्याकडचे पाच जण नारळ, लिंबं आणि पहारी घेऊन आले. हा एकटा, ते पाच. अंगात जोर नाही, शिट्टी वाजवली तरी गावात ऐकू येत नाही. हा त्यांच्याकडे जाऊन हळूच म्हणाला, "स्तूपात काय नाही हो. भिक्षू काय मूर्ख होते? सगळ्यांना दिसेल तिथे कोण ठेवील? टाक्यात आहे."

टाकं तेव्हा काठोकाठ गाळाने भरलेलं. वरती गवत उगवायचं. ते पाच जण चार दिवस गाळ उपसत होते. हा काठावर छत्री घेऊन बसलेला. "अजून खाली. भिक्षू लबाड लोक. अजून खाली." तळाचा खडक लागला तेव्हा एक मडक्याचा तुकडा आणि बैलाच्या गळ्यातली एक घंटी निघाली. घंटी याने नोंद करून ठेवून घेतली आणि त्यांना पाच कप चहा पाजला. चहा माझ्या घरचा. पुढच्या पावसात टाकं भरलं आणि असं पाणी लागलं की मी प्यायला तेच आणू लागले. पानं पडू नयेत, वासरू पडू नये म्हणून मीच त्याच्यावर बांबूचा कूड टाकला आणि भात झोडून झाला की वर पेंढा पसरायचे. वाळतोही आणि झाकतोही. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरच्याला ते खळ्यावर वाळत घातलेल्या पेंढ्यासारखंच दिसायचं.

आता माझं सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. माझा गोठा लेण्यांच्या हद्दीत होता. सासऱ्यांनी बांधला तेव्हा हद्द कुणी बघितली नव्हती. गोठ्याच्या पायात कोरीव दगड होते, दारात पायरी होती तीही लेण्यातली, आणि न्हाणीजवळचा माझा कपडे धुवायचा दगड तर नक्कीच वरचा. यानं मला पहिली नोटीस दिली ती माझ्या हातचं कालवण खाऊन, त्याच पाटावर बसून.

"वहिनी, वाचून दाखवू?"

"चौथी शिकलेय मी. द्या इकडे."

वाचली आणि चुलीत घातली. तीन महिन्यांनी दुसरी. अशा नऊ नोटिसा त्याने मला दिल्या. नऊ चुली पेटल्या. तो स्वतःचे कपडे माझ्या दगडावर कधी धुवायचा नाही, तत्त्व म्हणून. बालदी घेऊन अर्धा कोस ओढ्यावर जायचा. बायका मला विचारायच्या, "गो, तुझ्या पाव्हण्याला तू पाणी नाय देत काय?" माझी अब्रू घालवली त्याने.

मग शेठ आला. मुंबईकडचा. त्याने डोंगराची लेण्यांच्या वरची बाजू विकत घेतली आणि प्लॉट पाडायला लागला. फलक लागला, चुना ओढला. वर गाडी जायला रस्ता हवा, आणि जवळचा रस्ता म्हणजे ओट्यावरून. बुडखे काढायचे, ओटा सपाट करायचा, बस. शेठने गावात मिठाई वाटली. गाव खूश. मीसुद्धा फार नाखूश नव्हते. रस्ता झाला तर गुरांचा डॉक्टर वरपर्यंत आला असता. हे मी त्याच्या तोंडावर बोलले.

"आणि बुडखे?" तो म्हणाला.

"बुडखे बाजूला ठेवतील."

"वहिनी, तुमचं डोकं बाजूला ठेवलं तर तुम्ही तुम्ही राहाल का?"

शेठ मिठाईचा खोका घेऊन पडवीतही आला. आखणीवाल्याने त्याच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघितलं. शेठ हसत म्हणाला, "काय बघता काका?"

"बुबुळं काढलीत, पण नजर दिली नाही. राहून गेलंय."

"मशीन सोमवारी येणार आहे."

"मी सोमवारी असतो."

त्याने पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत अर्जावर अर्ज पाठवले होते. नऊ वर्षं पाठवतच होता, सगळ्यांच्या विरुद्ध, माझ्याही. कुणी आलं नव्हतं. सोमवारी मशीन आलं आणि ओट्यावर हा एकटाच, छत्री आणि कागद घेऊन. शेठ आला नव्हता. त्याने ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की म्हातारा बसला तर नुसतं भिववायचं, आपोआप उठेल. तो आपोआप काही करणाऱ्यांतला नव्हता, हे शेठला कुठून कळणार?

तर ड्रायव्हर पाण्यात पडला, तिथवर सांगत आले होते मी.

मी डबा टाकून धावले. टाकं दोन पुरुष खोल, कडा ताशीव, शेवाळलेल्या. चाळिशीतला बाप्या, हात मारतोय आणि घसरतोय.

"काकी, मला पोहता नाय येत!"

"दिसतंय ते. मशीनला धरू नको! ते अजून खाली उतरतंय!"

मशीन खरंच बोट बोट सरकत होतं, कुरकुरत. माझ्याकडे मोळी बांधायचा काथ्याचा दोर होता, उतरताना लाकडं न्यायची म्हणून आणलेला. एक टोक खाली फेकलं. त्याने काखेतून बांधून घेतलं. आम्ही दोघांनी ओढलं आणि आम्हीच काठाकडे घसरत गेलो. माझे गुडघे गेलेले, याचे हात थरथरणारे. दोघांची वयं मिळून दीडशेच्या घरात.

"दोर खांबाला घाला," मी म्हटलं. "वेढा द्या, म्हणजे निसटणार नाय."

"कुठल्या खांबाला?"

"चार खांब हायत का इथे?"

"वहिनी, त्या खांबाला शेळीसुद्धा बांधायची नाही."

"शेळी नाय हो, माणूस हाय!"

त्याने खांबाकडे बघितलं. टाक्यात बघितलं. मग उठला, खांबावरची नोटीस नखाने चारी कोपऱ्यांतून सोडवली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"काय करताय!"

"नोटीस लावलेली असताना बांधता येत नाही," तो म्हणाला, आणि दोराचा वेढा दिला.

मी ओढायची, तो वेढा ताणून धरायचा. हातभर वर, थांब. हातभर वर, थांब. काथ्या खांबाला घासत होता. तिसऱ्या-चौथ्या हाताला कर्रकन आवाज आला आणि खांबाच्या कोनाची खपली निघून खाली पडली. बरोब्बर अक्षरांवरची. त्याने ती पडताना बघितली. त्याने बघितलं हे मी बघितलं.

"दोर सोडू नका हां!" मी ओरडले.

"सोडत नाही," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

ड्रायव्हर काठावर आला तेव्हा मागे मशीन एकदम खाली गेलं. नुसती पिवळी पाठ वर राहिली. ड्रायव्हर पालथा पडून खोकला, ओकला आणि पहिला शब्द बोलला तो, "माझा मोबाईल."

आखणीवाल्याने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, नीट बघितलं. "डोळे चांगले आहेत. वापरत जा."

मग तो खांबाकडे गेला. बराच वेळ खाली वाकून तुकडे गोळा करत होता. तुकड्यांचं पीठ झालं होतं. लोहारणीच्या नावातली दोन अक्षरं गेली होती.

संध्याकाळी पडवीत बसून त्याने अहवाल लिहिला. मी चहा ठेवायला गेले तेव्हा वाचला. 'नुकसान: खांब, अक्षरे दोन. कारण: दोर बांधणे. नुकसान करणारा: खाली सही करणारा.'

"वेड लागलं काय? मशीनवर घाला ना! शेठवर घाला. कोण बघायला होतं?"

"तुम्ही होतात."

"माझ्या बघण्याला कोण विचारतंय?"

"मी विचारतो. दोर कुणी बांधला?"

"तुम्ही. मी सांगितलं म्हणून."

त्याने पेन उचललं. "मग तुमचंही नाव घालू?"

"घाला," मी म्हटलं. "आणि हेही घाला की त्या बाईने टाकं पाणी प्यायला दिलं होतं, माणसं बुडवायला नाय. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, न्या दोन अक्षरं, त्याला आधी बाहेर काढा."

त्याने नवा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, "सावकाश सांगा." आणि ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. एवढंच की 'नाय'चं 'नाही' केलं.

नऊ वर्षं दुसऱ्यांविरुद्ध लिहिलं तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. स्वतःविरुद्ध लिहिलं तर आठ दिवसांत दोन जीप आल्या. साहेब लोक आले ते याला जाब विचारायला, पण ओट्यावर येऊन बघतात तर टाक्यात मशीन, डोंगरावर चुना, बुडख्यांपर्यंत आलेले चाकांचे माग. पंचनामा झाला, मोजणी झाली, रस्त्याचं काम थांबलं ते थांबलंच. शेठचा फलक पुढच्या पावसात वाकला. आता त्याच्यावर वेल चढलाय. मशीन काढायला क्रेन आणली, तिलाही ओट्यावर चढू दिलं नाही. खालूनच दोन दिवस ओढत होते.

मोजणीत साहेबांनी विचारलं, "हा गोठा कुणाचा?"

गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? तर म्हणतो कसा, "वहिनींचा. नऊ नोटिसा दिल्यात. प्रती माझ्याकडे आहेत."

दोन दिवस मी त्याला नुसती पेज दिली. तिसऱ्या दिवशी गोठा मीच उतरवायला घेतला. दुसऱ्याने हात लावलेला मला चालला नसता. कपडे धुवायचा दगड उचलायला चार बाप्ये लागले. उलटा केला तर खालच्या अंगाला कमळ. पाकळी न् पाकळी शाबूत, काल कोरल्यासारखी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय बघताय? सासूबाईंपासून आम्ही पाठीवर धुतलं. म्हणून तर पोट वाचलं. उपकार माना."

आखणीवाला दुसऱ्या दिवशी त्याच्यावर हसला. बाहेर दात घासताना, एकटाच.

खांबाला इजा केली असं स्वतःच लिहून दिल्यामुळे त्याला कामावर ठेवता येत नाही असं कागदावर आलं. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, बरोबर आहे, वाक्यं नीट लिहिलीत. पेणला पुतण्याकडे निघाला तेव्हा छत्री विसरला. पोस्टाने पाठवून देते म्हटलं तर म्हणाला, तुम्हाला लागेल. मला लागत नाही, पण वापरते. त्याच्या जागी एक तरणा पहारेकरी आलाय. तो कुणाच्या डोळ्यांकडे बघत नाही, मोबाईलकडे बघतो. पण शेळ्या बांधू देत नाही, हे खरं.

ड्रायव्हरने मशीन सोडलं. तो आता रोह्याच्या स्टेशनाबाहेर रिक्षा चालवतो. मला बसवलं तर कानातल्या वायरी काढतो. त्याच्याकडूनच कळतं की आखणीवाल्याची तब्येत बरी आहे, हात आणखी थरथरतो आणि कारखान्यात जाऊन तो नवीन पोरांना नावं ठेवतो. त्या सोमवारी ओट्यावर आम्ही तीनच माणसं होतो, आणि तिघंही अजून जिवंत आहोत.